जिभेच्या मालाले जकात

मंगरूळपीरला मी चार वर्षं ज्या घरात भाड्याने राहिले, त्या घरात बाजाराची थैली तपासून घेतल्याशिवाय नेता येत नसे. घरमालक फाटकाशी लाकडी स्टूल टाकून बसलेले असत आणि त्यांच्या हातात हातभर लांबीची लोखंडी सळई असे. आपण थैली पुढ्यात ठेवायची. ते सळईने एकेक पुडी वर उचलून बघणार, चुकचुकणार, कधी नाकाशी नेणार आणि मग निकाल देणार. निकाल तीनच होते: ‘पास’, ‘जकात’ आणि ‘वापस’.

त्यांना नाव होतं, पण ते फक्त भाड्याच्या पावतीवर दिसायचं. गाव त्यांना नाकेदार म्हणे. शिवेवरच्या जकात नाक्यावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. येणारी बैलगाडी थांबवायची, पोत्यात सळई खुपसायची, कडब्याच्या पेंढ्यांखाली तुपाचा डबा तर दडवलेला नाही ना ते बघायचं, मालाप्रमाणे जकात घ्यायची आणि गाडी गावात सोडायची. नोकरी संपली तेव्हा नाक्याची सळई नाक्यावरच राहिली. नाकेदारांनी आठ दिवस घरात येरझाऱ्या घालून काढले. नवव्या दिवशी लोहाराकडे जाऊन तश्शीच सळई करून आणली आणि स्वतःच्या फाटकावर नाका उघडला. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर नाकेदार घरातलेच डबे उघडून बघत होते म्हणे.

नाक्याचा कायदा एका ओळीचा होता. ‘पोटाच्या मालाले सूट, जिभेच्या मालाले जकात.’ ज्वारी, डाळ, मीठ, मिरची, तेल, पालेभाजी हा झाला पोटाचा माल. तो बिनबोभाट आत जाई. शेव, पेढे, बिस्किटं, पापड हा जिभेचा. त्यातला चिमूटभर, तुकडाभर भाग तिथल्या तिथे वसूल होई आणि तो सरळ नाकेदारांच्या तोंडात जाई. भाव जास्त देऊन आणलेला किडका, नासका माल असला, तर ‘वापस’. मग दुकानदाराशी भांडायला ते स्वतः बरोबर येत. ही सेवा मात्र फुकट होती.

कायदा एका ओळीचा असला तरी त्याच्या पोटात भानगडी फार. वांगं थंडीत पोटाचं आणि उन्हाळ्यात महाग झालं की जिभेचं. शेंगदाणे चटणीसाठी असले तर सूट, भाजलेले असले तर जकात. चहाच्या पुडीवरून आमच्या फाटकात एकदा अर्धा तास खल झाला. शेवटी नाकेदारांनी निवाडा दिला, ‘सकाळचा चहा पोटाचा, दुपारचा जिभेचा.’ आणि पुडीतला अर्धाच चहा जकातीला पात्र धरून चिमूटभर पत्ती काकूंच्या डब्यात गेली.

शेजारच्या खोलीत एस.टी.चे एक कंडक्टर बायकोसह राहत. माणूस खाण्याचा शौकीन आणि पगार कंडक्टरचा. त्यांच्या थैलीवर जकात बसली नाही असा एक बाजार गेला नाही. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत पावभर शेव भरली आणि ड्यूटीवरून आल्यासारखे ऐटीत फाटकातून आत निघाले.

‘कंडक्टरसाहेब,’ नाकेदार स्टुलावरूनच म्हणाले, ‘आज तिकिटं कोन्या तेलात तळले?’

कंडक्टरांनी मुकाट्याने पेटी उघडली. त्या दिवशी दुप्पट जकात पडली. ‘तीस वर्सं मी कडब्यातून तूप काढलं,’ नाकेदार शेव चावत म्हणाले, ‘तुमी मले पेटी दाखवून राह्यले?’

कुणाला वाटेल, हा म्हातारा फुकट खाण्यासाठीच हे सोंग करत असेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एका बाजारी मी त्यांनाच थैली घेऊन येताना पाहिलं. फाटकाशी आले, थैली स्टुलापुढे ठेवली, वळसा घालून आत गेले, स्टुलावर बसले आणि सळई उचलली.

‘काय हाय थैलीत?’ त्यांनी विचारलं. मग मान दुसरीकडे करून त्यांनीच उत्तर दिलं, ‘जवारी, मिरच्या, आन आदपाव पेढे.’

‘पेढे कायले?’

‘मन झालं.’

‘मन झालं? काढ जकात.’

आणि दोन पेढे पानावर ठेवून त्यांनी काकूंना हाक मारली. काकू हात पुसत आल्या, पेढे घेतले आणि रोजचंच असल्यासारख्या आत गेल्या. मी खिडकीत हसू दाबत उभी होते. त्यांनी वर पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘नाकेदाराले सूट नसते, मास्तरीनबाई.’

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, आली तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. तिची भाकरी थापावी तर कडेने फाटे, खावी तर घशातून उतरेना. मी आणि कंडक्टरीणबाई रांगेतून आणलेली मिलो घेऊन फाटकाशी उभ्या. नाकेदारांनी चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरून पाहिला. मग म्हणाले, ‘हा माल ना पोटाचा, ना जिभेचा. हा सरकारचा. जाऊ द्या.’

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस पुरता कळायचा नाही.

मी इंझोरीची. आई-वडील मजुरी करून घर चालवत. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरात दोनच गोष्टी नव्या आणल्या, बुद्धाची तसबीर आणि माझी पाटी. त्या पाटीवर शिकून मी मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. पहिले तीन महिने रोज गावाहून एस.टी.ने येई आणि निम्म्या दिवशी पहिला तास बुडे. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, एक तर खोली बघा, नाही तर नोकरी जाईल. मी पाच घरं पाहिली. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असे. सांगितलं, की त्या खोलीत नेमका कुणाचा तरी भाचा राहायला यायचा असे. मंगरूळपीरला इतके भाचे आहेत हे मला तेव्हाच कळलं.

सहावं घर नाकेदारांचं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, ‘खाता काय?’

हा प्रश्नही माझ्या ओळखीचा होता. आडनाव विचारायची लाज वाटली, की लोक हाच विचारत. मी ताठ होऊन म्हटलं, ‘तुम्ही जे खाता तेच.’

‘मंग तं कठीन हाय,’ नाकेदार म्हणाले. ‘मी लई वंगाळ खातो.’

काकू आतून हसल्या आणि खोली मला मिळाली. पण त्या प्रश्नाची बोच मनात राहिली ती राहिलीच.

माझा निम्मा पगार गावी जाई, धाकटा भाऊ अकोल्याला कॉलेजात होता. उरलेल्यात महिना काढायचा, म्हणून मी बाजाराला दिवस कलल्यावर जाई. उतरत्या बाजारात भाजी मातीमोल मिळते. पिवळी पडलेली मेथी, वाकडी वांगी, फुटकी डाळ, पावशेर तेल, मिरच्या, ज्वारी. दर आठवड्याला हीच थैली. नाकेदार सळईने मेथीची जुडी उचलत, बघत, खाली ठेवत आणि म्हणत, ‘पास.’

आधी मला याचं बरं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं, की माझ्या थैलीतलं हा माणूस काहीच खात नाही. कंडक्टरांच्या शेवेवर हात मारतो, मागच्या खोलीतल्या शिंप्याच्या गुळाचा खडा तोंडात टाकतो, पण माझ्या थैलीला सळई लावतो, हात लावत नाही. एक महिना गेला, दोन गेले, सहा गेले. काकूही मला ओट्यावर बसवून प्रेमाने बोलत, पण स्वयंपाकघरात या असं काही म्हणत नसत. खेड्यात जे तोंडावर सांगतात ते तालुक्याच्या गावी न सांगता करतात, हे मी त्या पाच घरांतून शिकले होते. मी मनात गाठ मारली, की हा त्यातलाच प्रकार.

त्यात नाकेदारांची जीभ. ‘पास’ म्हणताना त्यांचा आवाज दर आठवड्याला खाली जाऊ लागला. कधी म्हणत, ‘हे मेथी कालची हाय.’ कधी म्हणत, ‘बाई, असं खाऊन पोरीईले शिकवाचं बळ येते कुठून?’ एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मास्तरीनबाई, तुमची थैली पाह्यली का मले नाक्यावरच्या रिकाम्या गाड्या आठवते.’

मला झोंबलं. थैली माझी, पैसे माझे, भूक माझी आणि शेरा यांचा! मी म्हटलं, ‘तर मग बघू नका माझी थैली.’

‘नाका हाय, बाई,’ ते शांतपणे म्हणाले. ‘नाक्यावर सऱ्याईची थैली पाहा लागते.’

सगळ्यांची बघता, मग सगळ्यांचं खाता का नाही? हे ओठांवर आलं होतं. पण विचारलं आणि उत्तर मला वाटत होतं तेच आलं, तर? मग त्या खोलीत मला एक दिवसही राहता आलं नसतं आणि सातवं घर कुठे शोधणार होते? गप्प बसले. पण गप्प बसून शिजवलेलं अन्न अंगी लागत नाही. शेवटी एका बाजाराच्या दिवशी शाळेतच ठरवलं, की आज याचा सोक्षमोक्ष लावायचा. जिभेचा माल घेऊन जायचं. म्हाताऱ्याने जकात घेतली, तर मी माझा संशय गिळेन. नाही घेतली, तर उद्या ट्रंक उचलून इंझोरीच्या एस.टी.त बसेन. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

त्या दिवशी मी भर बाजारात, भर उन्हात गेले आणि हलवायाकडून पावभर बालूशाही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने. ती घेतल्यावर तेलापुरते पैसे उरले नाहीत. म्हटलं, आठवडाभर बिनतेलाचं खाऊ. कागदाची पुडी मेथीच्या वर, अगदी डोळ्यांत भरेल अशी ठेवली आणि निघाले.  

फाटकाशी कंडक्टरीणबाई नुकतीच जकात भरून उभी होती. मी थैली ठेवली. सळई पुढे आली, पुडीपाशी थांबली.

‘हे काय?’

‘बालूशाही.’

‘कायले?’

मी त्यांचंच उत्तर त्यांना दिलं. ‘मन झालं.’

नाकेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कधी केली नव्हती ती गोष्ट केली. सळई खाली ठेवली. दोन्ही हातांनी पुडी उचलली, मांडीवर घेऊन सोडली आणि आत तोंड करून ओरडले, ‘ऐकलं काय वो! मास्तरीनबाईनं जिभेचा माल आनला!’ आणि चिमूट नाही, तुकडा नाही, अख्खी बालूशाही तोंडात घातली. ती संपायच्या आत दुसरी उचलली.

‘नाकेदारकाका, एवढी जकात?’ कंडक्टरीणबाई म्हणाली.

‘थकबाकी हाय,’ ते भरल्या तोंडाने म्हणाले. मिशीवर पाकाचे कण लागले होते. ‘सहा महिने झाले, हे बाई एक दाना जकात देऊन नाई राह्यली. मी वाट पाहून पाहून थकलो.’

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ते लपवायला मी थैली उचलू लागले, तर सळई पुन्हा आडवी आली. तीस वर्षांची सवय. एक माल जास्त दिसला, की दुसरा कोणता कमी आहे ते ते बघत.

‘तेल कुठी हाय?’

‘नाही आणलं.’

‘कायले?’

सहा महिने कोंडलेलं होतं ते तेव्हा बाहेर पडलं आणि शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. ‘कायले म्हंजे? तेलाच्या पैशाची बालूशाही आनली मी! तुमी सऱ्याईच्या थैलीतलं खाता, माह्याच थैलीतलं काहून नाई खात, हे पाहाचं होतं मले. आज नाई खाल्लं असतं तं उद्या खोली सोडत होती मी.’

नाकेदारांचा हलता जबडा थांबला. कंडक्टरीणबाई पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. तोंडातला घास गिळून ते म्हणाले, ‘जकात कायच्यावर घेऊ, बाई? जवारीवर? वाळल्या मेथीवर? तुमच्या थैलीत कवा जिभेचा माल आलाच नाई. पोटाच्या मालाले सूट हाय. कायदा म्हंजे कायदा.’

आणि मग स्टुलावरून उठत, हळूच, ‘मले तं वाटे, ह्या बाईले कवा तरी शेव खावीशी वाटन.’

म्हणजे तो खाली खाली जाणारा ‘पास’ किळसेचा नव्हता. दर आठवड्याला सळईने तो म्हातारा माझ्या थैलीत चैनीची एखादी पुडी शोधत होता आणि ती सापडत नाही म्हणून खट्टू होत होता. मी शरमले. पण पुरती नाही. माझा संशय या फाटकापुरता चुकला होता, आधीच्या पाच फाटकांवर तो खराच ठरला होता. मी तो हवेतून आणला नव्हता, आणि हे नाकेदारांनाही कळलं असावं. त्या दिवशी पुढची थैली त्यांनी न बघताच आत सोडली. तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दिवेलागणीला काकू माझ्या खोलीत आल्या. उंबऱ्याच्या आत त्या प्रथमच येत होत्या. हातात पितळेची मोठी वाटी, काठोकाठ तेल.

‘त्याईनं परतावा धाडला हाय,’ त्या म्हणाल्या. ‘म्हनते, चुकीची वसुली झाली. बाईचा माल पोटाचा होता आन म्या जिभेचा समजून खाल्ला.’

मी सतरंजी टाकली, काकू बसल्या. उरलेल्या बालूशाहींतली एक मी बशीत घालून पुढे केली. काकूंनी ती हातात घेतली आणि क्षणभर तशाच राहिल्या. तो क्षण मी पाहिला, नाही कशाला म्हणू? मग त्यांनी ती खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाल्या, ‘उद्या इकडंच या चहाले. आत. धूर लय होते, पन या.’

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. तेल संपल्यावर मी त्या वाटीत आईच्या हातची जवसाची चटणी घालून दिली. चार दिवसांनी तीच वाटी पिठलं घेऊन आली. मी अंबाडीची भाजी भरून पाठवली, ती कढी घेऊन परतली. वाटी कुणाची हा प्रश्नच उरला नाही. नाकेदार तिला फाटकावर कधी अडवत नसत. तिच्यात असे तो सगळा पोटाचा माल, असं त्यांचं म्हणणं. आणि मी? मी महिन्यातून एकदा आदपाव शेव आणू लागले. खोटं कशाला बोलू, निम्मी त्यांच्यासाठीच असे.

चौथ्या वर्षी माझी बदली मानोऱ्याला झाली. सामान काय, एक ट्रंक, एक वळकटी आणि भांड्यांचं पोतं. बैलगाडी फाटकाशी लागली. नाकेदार स्टुलावर होते. आत येणारा माल तपासणारा हा माणूस बाहेर जाणारा माल कधी तपासत नसे, पण त्या दिवशी त्यांनी सळई आडवी धरली. गाडीवान वैतागला. नाकेदारांनी ट्रंक उघडायला लावली, वळकटी सोडायला लावली, पोत्यातली भांडी एकेक करून बाहेर काढली. अर्धा तास गेला. मला कळत होतं, की तपासायचं काहीच नाही, गाडी थोडी उशिरा सुटावी एवढंच आहे.

शेवटी सळईच्या टोकाशी पितळेची वाटी आली.

‘हे आमची हाय,’ ते म्हणाले.

‘हो काका. द्यायची राहिली. चूल विझलेली, आता तिच्यात घालायला काही नाही.’

त्यांनी वाटी उचलली, उलटी करून पाहिली, आत बोट फिरवून पाहिलं. मग ती परत माझ्या पोत्यात ठेवली आणि पोत्याचं तोंड स्वतःच्या हाताने बांधलं.

‘रिकामी वापस घेता येत नाई,’ नाकेदार माझ्याकडे न बघता म्हणाले. आणि गाडीवानाला हात करून, पूर्वीच्या खणखणीत आवाजात ओरडले, ‘पास!’